आईच्या वाटीचं वजन

गेल्या वर्षी नवरात्रात आई मोरीत घसरली आणि तिचं उजवं मनगट मोडलं. सहा आठवड्यांचं प्लास्टर. दवाखान्यातून रिक्षाने भांडुपला घरी येताना हात गळ्यात, चेहरा दुखण्याने ओढलेला, आणि गांधीनगरच्या सिग्नलला तोंडातून पहिलं वाक्य निघालं, "आता भाजणीचं काय रे?"

"मी करतो," मी म्हणालो.

तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं, ती माझ्या दहावीच्या निकालापासून ओळखीची आहे.

खरं तर मोजमाप हाच माझा धंदा. ३१ वर्षं रंगांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काढली. ग्रॅमच्या दहा हजाराव्या भागापर्यंत वजन दाखवणारा काटा माझ्या टेबलावर काचेच्या पेटीत असायचा, कारण पंख्याच्या वाऱ्यानेही त्याचा आकडा हलायचा. शिकाऊ पोरं त्याच्यापाशी श्वास रोखून उभी राहायची. अशा माणसाला तांदूळ आणि तीन डाळी मोजणं काय जड जाणार?

आईची वही १९६५च्या सुमाराची. लाल पुठ्ठा, आणि तेलाने पानं इतकी आरपार झालेली की अनारशांच्या खाली मागच्या पानावरचं लोणचं वाचता येतं. चकलीच्या भाजणीचं पान असं: तांदूळ ४ वाट्या, हरभरा डाळ २, मूग डाळ १, उडीद डाळ १, पोहे १, धणे अर्धी, जिरं दोन चमचे. बस. खाली 'मंद भाजणे' एवढंच, आणि 'मंद'खाली दोन रेघा.

आम्हाला दोन किलोच्या वर पीठ लागतं. लेक, भाचा, समोरचे, शिवाय आईच्या भजनी मंडळातल्या दोघी. मी हिशेब मांडला. चार वाट्या तांदूळ म्हणजे एक किलो धरू. म्हणजे एक वाटी पाव किलो. हरभरा डाळ अर्धा किलो, मूग आणि उडीद पाव-पाव, पोहे पाव किलो, धणे आदपाव. वाण्याने सगळं बांधून दिलं. धुतलं, वाळवलं, मंद भाजलं, गिरणीत नेलं. गिरणीवाल्याने वजनावर पैसे घेतले आणि वर विचारलंही, "काका, धणे जास्त वाटतात, मसाला आहे का?" मी हसलो. माणूस रिटायर झाला की त्याला कुणीही काहीही विचारतं.

उकड काढली, मळली, सोऱ्यात भरली. चकली अर्धा वेढा घ्यायची आणि तुटायची. परत मळली, पाण्याचा हात लावला, मोहन थोडं वाढवलं. आता तुटेना, पण कढईत गेली की काटे विरून खाली गाळ साचायला लागला, आणि रंग आला तो भिजलेल्या पुठ्ठ्याचा. आई दिवाणावरून उठून आली. कच्च्या पिठाचा कण जिभेवर ठेवला.

"धणे ओतलेस की काय?"

चूक कुठे झाली ते मला त्या क्षणी कळलं आणि कानाच्या पाळ्या गरम झाल्या. हीच चूक एखाद्या शिकाऊ पोराने केली असती, तर मी त्याला आठवडाभर काचेची भांडी घासायला बसवलं असतं. तांदळाची एक वाटी पाव किलो धरली, म्हणजे पोह्यांचीही पाव किलो आणि धण्यांचीही पाव किलो? वाटी सांगते जागा किती अडली. त्या जागेत वस्तू किती, ते वस्तूवर असतं. आणि मी सगळ्यांना एकाच तराजूत घालून मोकळा झालो होतो.

दुसऱ्या दिवशी लेकीने स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा मागवला. पाच किलोपर्यंत घेतो, एक ग्रॅमपर्यंत दाखवतो, वर काचेची थाळी. काटा आला की आधी त्याची परीक्षा घ्यायची, ही सवय जात नाही. पेटीतली अधिकृत वजनं घरात कुठून असणार? दहा रुपयांची दहा नाणी ठेवली. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास असतं, त्यामुळे दहांचं ७७ यायला हवं. आलं. मग जरा विश्वास बसला.

मग आईची वाटी त्यावर ठेवली. स्टीलची, बुडाशी टिंबाटिंबांनी कोरलेलं आईचं नाव आणि १९६८ साल. शून्य करून काठोकाठ पाणी ओतलं. १६८ ग्रॅम. म्हणजे वाटीत १६८ मिलिलिटर मावतं. पाण्याचा फायदा हा, की त्याचा ग्रॅम आणि मिलिलिटर एकच. आपल्या हवेत लिटरमागे चार ग्रॅमचा काय तो फरक, वाटीला तो पाऊण ग्रॅमही होत नाही. घरातली कुठलीही वाटी, फुलपात्र, आमटीचा डाव किती मापाचा आहे ते असं एका मिनिटात कळतं. मी त्या दुपारी सगळ्याच भांड्यांत पाणी ओतत बसलो होतो. बायको म्हणाली, टाकीतलं संपवू नका, संध्याकाळी पाणी सात वाजता येतं.

मग एकेक जिन्नस. तांदूळ १४० ग्रॅम. हरभरा डाळ १३८. मूग डाळ १४३, उडीद १४१. आणि जाडे पोहे ६५. धणे ५६.

आकडे एकाखाली एक लिहिले तेव्हा भाजणीचं सगळं गणित उलगडलं. तांदूळ आणि डाळी हे टणक, सुटे, घट्ट दाणे. वाटीत ओतले की आपले आपण शेजारी-शेजारी बसतात, जागाही जवळपास सारखीच अडवतात. म्हणून चार, दोन, एक, एक हे प्रमाण वाट्यांनी घ्या नाहीतर किलोंनी, भाजणी तीच होते. बायका पिढ्यान् पिढ्या दोन्ही पद्धती बिनधास्त वापरतात आणि कुणाचं काही बिघडत नाही, ते या दाण्यांच्या कृपेने. पोहे म्हणजे चेपलेली पानंच, एकावर एक आडवीतिडवी पडून मधे हवा धरतात. धणा तर आतून पोकळ. दोन फाकी आणि मधे मोकळी जागा. त्यामुळे माझ्या एक किलो तांदळाला पोहे लागायचे ११५ ग्रॅमच्या आसपास, मी घातले २५०. धणे लागायचे ५०, घातले १२५. अडीचपट. गिरणीवाल्याला नुसत्या वासावरून कळलं होतं.

त्या पिठाची शेवटी थालीपिठं झाली. पंधरा दिवस.

आमच्या लेकीला हा घोळ आधीपासून ठाऊक होता, फक्त केकच्या बाजूने. टाळेबंदीत तिने केक करायला घेतले तेव्हा पहिले तीन विटांसारखे झाले होते. मोबाइलवरची कृती म्हणायची एक कप मैदा. ती कप डब्यात खुपसून भरून काढायची. असा भरलेला कप दीडशे ग्रॅमपर्यंत जातो. तोच चमच्याने हलका भरून वरून सुरीने सारखा केला तर १२० ते १२५. दोन कपांमागे पन्नासेक ग्रॅम मैदा जास्त गेला की केकची वीट व्हायला वेगळं काही लागत नाही. शिवाय कुणाचा कप? अमेरिकेतला २३७ मिलिलिटरचा, मेट्रिक म्हणून विकतात तो २५०चा, जपानचा २००चा, आणि आमच्या भात शिजवायच्या कुकरबरोबर आलेला पारदर्शक पेला १८०चा, कारण तिकडे तांदळाचं जुनं माप तेवढं. ऑस्ट्रेलियात मोठा चमचासुद्धा वीस मिलिलिटरचा, बाकीकडे पंधराचा. अमेरिकेत सपाट कप आणि सपाट चमचा ही शिस्त रुजवण्याचं श्रेय बॉस्टनच्या फॅनी फार्मर यांना देतात. त्यांचं पुस्तक १८९६चं. त्याआधी तिथेही 'अक्रोडाएवढं लोणी' चालायचंच. म्हणजे आपल्या 'सुपारीएवढी चिंच'चे सोयरे. पण शिस्त लागली ती भांड्याला. भरणाऱ्या हाताचं काय, ते तिथेही राहूनच गेलं, असं माझं मत. युरोपातल्या बायका सरळ ग्रॅमवर गेल्या आणि सुटल्या.

तेलाच्या पिशवीवरून तर घरात भांडणच झालं. एक लिटर लिहिलेली पिशवी लेकीने काट्यावर ठेवली आणि ओरडली, "बाबा, पिशवीसकट धड साडेनऊशेही भरत नाही!" मी पिशवी उलटी करून दाखवली. तिथे बारीक अक्षरात छापलेलं असतं: ९१० ग्रॅम. तेल पाण्यापेक्षा हलकं, लिटरला ९१०च भरतं. त्यातही गंमत आहे. तेल तापलं की फुगतं. तेव्हा पिशवीवर तापमान चढं छापलं तर 'एक लिटर' कमी वजनात उरकता येतं. म्हणून २०२२ मध्ये केंद्र सरकारने तेल कंपन्यांना सांगितलं की तापमान छापू नका, लिटरबरोबर वजन छापा. आइस्क्रीमचं उलटं. ते मिलिलिटरनेच विकतात, आणि एका लिटरचं वजन किमान ५२५ ग्रॅम असलं की आपल्या अन्नसुरक्षेच्या नियमात ते बसतं. उरलेली जागा हवेची. लेकीने त्यानंतर आठवडाभर आइस्क्रीम खाल्लं नाही. आठवडाभरच.

मुंबईत तर एका पिशवीत चार तऱ्हेची मापं घरी येतात. कांदे-बटाटे किलोने, केळी डझनाने, कोथिंबीर जुडीने, आणि बोंबील वाट्याने. कोळणीकडे काटा असो नसो, ती फळीवर वाटे मांडून बसते. हा वाटा शंभरचा. त्यात किती बोंबील, किती ग्रॅम, हे विचारणाऱ्या माणसाकडे ती ज्या तऱ्हेने बघते तसं बघून घ्यायची माझी तयारी नाही. वरून दोन टाकून मागायचे, तिने एक टाकायचा, व्यवहार पुरा. सुरमई मात्र अख्खी, नगावर. एवढ्या वर्षांत वाट्यात फसलो असं वाटलं नाही आणि काट्यावर मात्र दोनदा तरी फसलोय, हे आपलं सांगून ठेवतो.

आणि भाषा तर अजून शेरातच आहे. भाजीवाल्याला आई 'पावशेर मिरच्या' म्हणते, तो पाव किलो तोलतो. ८० तोळ्यांचा शेर ९३३ ग्रॅमचा, म्हणजे पावशेर झाला २३३. तेव्हा जुनं नाव घेणाऱ्याला दर खेपेला सतरा ग्रॅम फुकट. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "बरं झालं, त्याला सांगू नकोस." मेट्रिक वजनं १९५८च्या ऑक्टोबरपासून यायला लागली, तेव्हा ती सोळा वर्षांची, गावी. तिथे धान्य वजनावर नव्हतंच, मापावर होतं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. गावोगाव त्या शेराचाही पोटाचा घेर वेगळा. माप भरलं की वर शीग यायची, आणि शिगेसकट द्यायचं की हात फिरवून सपाट, यावर माणूस कसा ते ठरायचं. मापात पाप म्हणतात ते तिथलं. माझी बायको लग्नानंतर माप ओलांडून घरात आली, ते मापटं शेजारून मागून आणलं होतं. १९९३ साली आमच्या चाळीत एकाच घरात ते शिल्लक होतं आणि लग्नसराईत मजल्यामजल्यावर फिरायचं.

लालबागला मसाला करायला जातो तिथे एक और प्रकार. मे महिन्यात मिरची किलोने, धणे किलोने, पण लवंग, दालचिनी, दगडफूल अशा गरम मसाल्याला जुन्या बायका अजून तोळ्यावर बोलतात. किलोला दोन तोळे लवंग. तोळा खरं तर ११.६६ ग्रॅमचा, पण सोनाराने केव्हाच दहाचा करून टाकला आणि त्याच्या पाठोपाठ मसालेवाल्यानेही. लवंगेला चालून जातं.

बारीकसारीक गोष्टींना आमचा नवा काटाही काही कामाचा नाही, हेही सांगायला हवं. चमचाभर मीठ पाच-सहा ग्रॅम, तिथे एका ग्रॅमची इकडेतिकडे म्हणजे केवढी चूक! आणि चिमूट-चिमूट करून टाकलं तर तो पठ्ठ्या शून्यावरच बसून राहतो. बिघाड नव्हे; बारीक फरक आला की तो स्वतःचा डळमळता शून्य समजून पुसून टाकायचा, असं त्याला शिकवलेलंच असतं. तेव्हा सोडा, हळद, हिंग, वेलचीपूड यांना चमचाच बरा. पावसाळ्यात मात्र मिठाला चमचाही दगा देतो. जुलैत बरणीतलं मीठ ओलं होऊन गोळे धरतं, आणि चमच्यात बसतं ते कधी खडा, कधी पोकळी. आई तेव्हा हाताने टाकते आणि आमटी बिघडत नाही.

तर पहिली भाजणी अशी गेल्यावर मी ठरवलं की वहीतल्या सगळ्या वाट्या ग्रॅममध्ये उतरवून काढायच्या. आईने हात बरा झाल्यावर बघू म्हणून दोनदा टाळलं. तिसऱ्या दिवशी बेसनाच्या लाडवांपाशी गाडी अडली. वाटीभर बेसन मी पाचदा तोललं, तर आकडे आले ७८, ९६, ८८, १०१, ८१. एकच डबा, एकच वाटी, एकच माणूस. कारखान्यात असा निकाल दिला असता तर साहेबांनी कागद तोंडावर फेकला असता.

"सर तिकडे," आई म्हणाली.

प्लास्टरवर तिने दुधाची धुतलेली पिशवी चढवून रबर लावलं होतं. डाव्या हाताने डब्यातलं पीठ आधी खालीवर केलं, बोटांनी, वीण उसवावी तसं. वाटी पिठात खुपसली नाही. पळीने पीठ वाटीत सोडलं, घाई न करता, वर शीग येईपर्यंत. मग वाटी ओट्यावर एकदा टेकवली. मी आपटायचो, तिने टेकवली, आणि पिशवीतल्या त्या आखडलेल्या हाताच्या कडेने शीग उतरवली. दुधाच्या पिशवीवर पिवळी रेघ उमटली. वाटी काट्यावर. ८४.

"परत कर," मी म्हणालो.

८३. परत. ८५. ८४. ८३.

डाव्या हाताने, ८२व्या वर्षी, काट्याकडे न बघता. ती माझ्याकडे बघत होती. माझ्या हाताखालून शिकून गेलेल्या पोरांतली दोन किंवा तीन अशी निघाली असतील.

"एवढं काय त्यात?" ती म्हणाली. "वाटी भरायची."

तेव्हापासून मी तक्ते बघून आकडे घेत नाही. कुठल्याही तक्त्यात बेसनाचा कप ९२पासून १२०पर्यंत काहीही सापडतो आणि प्रत्येक जण आपापल्या जागी खरा असतो, कारण प्रत्येकाने आपल्या हाताने भरलेला असतो. मला हवं होतं ते आईच्या हातचं बेसन, आणि ते ८४. पुढचे चार दिवस ती भरत गेली, मी लिहीत गेलो. रवा ११८. साखर १४२. पिठीसाखर ८८. पातळ तूप १५३, थिजलेलं मात्र भरेल तसं. किसलेल्या गुळाला तिने नकारच दिला. म्हणाली गूळ वाटीने घेतच नाही, पुरणात बघून घालते. चकलीच्या उकडीपाशी आणखी एक गोष्ट बाहेर पडली. वही म्हणते वाटीला वाटी पाणी. पण गिरणीतून आलेलं गरम पीठ फुगलेलं असतं, आठ दिवस डब्यात राहिलं की दबतं. मी तोललं: त्याच दिवशी वाटीत ७९, आठवड्याने ९३. पाणी तेवढंच. म्हणजे ताज्या पिठाची उकड सैल आणि जुन्याची घट्ट. "मग तू काय करतेस?" "ताजं असलं तर पाणी हात राखून." हे 'हात राखून' वहीत नाही. मी आता लिहून ठेवलंय, ग्रॅमसकट.

एक गोष्ट मला त्या चार दिवसांत पटत गेली. वाटीने सांगितलेल्या कृतीला वाटीचा आकार ठाऊक असावा लागत नाही. चार वाट्या बेसन, दोनला थोडं कमी तूप, तीन वाट्या पिठीसाखर. आता वाटी भातुकलीतली घ्या की पंगतीतली, लाडू होणार. सगळं त्याच वाटीने घेतलं की झालं. मोदकाची उकड, नारळीभात, उपमा, सगळे याच जातीचे. हे ग्रॅमवाल्यांना जमत नाही. त्यांना प्रत्येक वेळी त्रैराशिक मांडावं लागतं. घोटाळा होतो तो वाटीच्या राज्यात बाहेरचा कुणी घुसला की. एक अंडं. अर्धा लिटर दूध. एक नारळ. ही मंडळी वाटीबरोबर लहानमोठी होत नाहीत.

आणि नारळानेच आम्हाला पकडलं.

रवा-नारळाच्या लाडवांचं पान काढलं होतं. रवा २ वाट्या, साखर दीड, नारळ १. मी दोन वाट्या रवा तोलून परातीत घेतला. नारळ खवून झाला होता. आईने परातीत डोकावून पाहिलं.

"अजून एक घे."

"वहीत दोन आहेत."

"वहीतली वाटी वेगळी."

मी पेन खाली ठेवलं. चार दिवस मी या वहीतल्या वाट्या ग्रॅममध्ये उतरवत होतो, आणि ही आत्ता सांगते की वाटी वेगळी.

"तुझ्या आजीची," ती म्हणाली. "लग्न होऊन आले तेव्हा वही लिहिली ना. तेव्हा घरात पितळी वाट्या होत्या. त्यांनी सांगायचं, मी लिहायचं. नंतर स्टील आलं. ही वाटी लहान आहे, म्हणून नारळाला तीन घेते."

"आणि बाकीच्या पानांवर?"

"बाकी ठिकाणी काय फरक पडतो?"

खरंच पडत नव्हता. ५० वर्षांहून जास्त काळ घरात वेगळी वाटी चालू होती आणि भाजणीला, बेसनाला, उकडीला त्याचा पत्ता नव्हता. मी वहीवर आकडेमोड केली. १६८ मिलिलिटरच्या तीन वाट्या म्हणजे ५०४. तो रवा आजीच्या दोन वाट्यांत मावायचा, म्हणजे तिची वाटी २५२ मिलिलिटरची. नारळ तेव्हाचा आणि आत्ताचा सारखाच धरून, हे आलंच. आणि तो सारखा नसतो हे कोकणातल्या माणसाने सांगायला नको. तरी पहिल्यांदाच त्या वाटीचा काहीतरी आकार डोळ्यांपुढे आला. पाव लिटरची, बसकी असावी. पितळेला आतून कल्हई.

"त्या वाटीत किती मावायचं गं?" मी विचारलं. "पाणी वगैरे? काही आठवतं?"

"मावायचं किती ते कोण बघतं? मोडीत घातल्या तेव्हा सहाही मिळून दीड शेराला जराशा कमी भरल्या, तेवढं आठवतं. लालबागला. त्याने वर पैसे घेऊन हा संच दिला आणि नाव घालून दिलं. तुझी आजी दोन दिवस बोलली नव्हती माझ्याशी."

"६८ साली शेर कुठला? किलो आले होते तोवर."

"त्याच्याकडे आले होते. तुझ्या आजीकडे नव्हते."

दीड शेर म्हणजे १४०० ग्रॅम. जराशा कमी म्हणजे १३८० धरू. भागिले सहा. मी वहीच्या समासात, आईच्या जुन्या शाईच्या बाजूला, बॉलपेनने लिहिलं: पितळी वाटी, २३० ग्रॅम. मग लेक उद्या वाचेल आणि त्यात काय भरून तोललं होतं ते शोधत बसेल, असं वाटलं, म्हणून पुढे एक शब्द घातला. रिकामी.

"लिहून झालं असेल तर तिसरी वाटी घे," आई म्हणाली, "आणि गॅस बारीक ठेव."